हिरवं कार्ड कुणी रिकामं केलं?

१

अक्का सापडल्या त्या एका बंद संग्रहालयाच्या पायऱ्यांवर. हात कोटाच्या बाह्यांत ओढून घेतलेले, ओठ निळे पडलेले आणि मांडीवर मोबाइल. रस्ता झाडणाऱ्या माणसाने त्यांना पाहून पोलिसाला हाक मारली. पोलिसाने त्यांच्या गळ्यातल्या सहलीच्या ओळखपत्रावरचा नंबर फिरवला. सहलीचा मॅनेजर धापा टाकत पोचला तेव्हा दुपार कलली होती. अक्का सकाळीच चुकल्या होत्या.

"नकाशा उघडतच नाही मेला," त्या दात वाजवत म्हणाल्या. "नुसतं गोल गोल फिरतंय."

"अहो, मग कुणाचा तरी फोन मागायचा ना!"

"अनोळखी माणसाकडे कसा मागू? त्यांची भाषा येत नाही. लाज वाटली."

हॉटेलवर आणेपर्यंत अंगात ताप भरला होता. स्थानिक डॉक्टर येऊन तपासून गेला. छातीत कफ आहे, सकाळपर्यंत खोलीतून हलवायचं नाही, श्वास लागला तर थेट दवाखान्यात न्यायचं, असं बजावून गेला.

मॅनेजरने अक्कांच्या हातातला फोन पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. तो फोन कंपनीचा होता. या सहलीत त्याच्यावर एक जादा काम सोपवलेलं होतं. युरोपात फिरताना इंटरनेटसाठी कोणतं प्रीपेड कार्ड घ्यावं, याची तुलना करायची. एकाच बनावटीचे चार फोन, चारांत चार कंपन्यांची कार्डं, ओळखायला पाठीवर चार रंगांच्या चिकटपट्ट्या. लाल स्वस्त, पण कूर्मगतीने चालणारं. निळं झपाट्याचं, पण हद्द ओलांडली की मुकं होणारं. पिवळ्यावरून साधे फोनही करता येत, मात्र ते महाग. हिरव्यावर साधा फोन होत नव्हता, नुसता डेटा. पण तो भरपूर आणि सगळ्या देशांत चालणारा. पुढच्या हंगामात कंपनी आपल्या सगळ्या प्रवाशांना यातलंच एक कार्ड देणार होती.

आदल्या सकाळी मॅनेजरने चारही कार्डांवर नवे पॅक टाकले होते. आज सकाळी अक्कांचा स्वतःचा फोन चालू होईना, म्हणून त्याने कौतुकाने हिरवा फोन त्यांच्या हातात दिला होता. "यात डेटाच डेटा आहे, अक्का. बिनधास्त फिरा."

आता त्याने पॅकची शिल्लक पाहिली. शून्य.

"एका दिवसात सगळा पॅक?" तो पुटपुटला. "हा फोन तर माझ्या पिशवीतच होता!"

"म्हणजे कुणीतरी चोरला," मागून आवाज आला. "आणि तो कोण, ते मी शोधून काढते."

मॅनेजरने वळून पाहिलं. दारात पथकबाई उभ्या होत्या.

२

पथकबाई म्हणजे अक्कांची सख्खी धाकटी बहीण. उभा जन्म परीक्षाकेंद्रांवर कॉपी पकडण्यात गेलेला. भरारी पथकाची गाडी फाटकात शिरली की मुलांच्या बाह्यांतून, मोज्यांतून चिठ्ठ्या आपोआप गळतात, अशी त्यांची ख्याती. निवृत्तीनंतरही नाव चिकटलं ते चिकटलंच.

"चेहरा वाचता आला पाहिजे," त्या सांगत. "चोरी केलेल्याच्या चेहऱ्यावर लाज असते. ती दिसली की झडती घ्यायची."

आज मात्र त्यांना सकाळचा चौक सारखा आठवत होता. अक्कांची चाल मंद. चौकात आल्यावर पथकबाई वैतागून म्हणाल्या होत्या, "तू ये सावकाश, मी पुढे होते." आणि त्या पुढे होऊन घंटाघर चढून आल्या होत्या. वरून चौक कसा छान दिसत होता! त्या चौकात अक्का नाहीत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्याऐवजी त्या चोर शोधायला निघाल्या होत्या.

"तुमची पिशवी तुमच्यापासून कधी लांब असते?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"फक्त नाश्त्याच्या वेळी. दाराजवळच्या टेबलावर चारही फोन चार्जिंगला लावतो आणि सगळ्यांची हजेरी घेत फिरतो."

"त्या टेबलाच्या आसपास कोण बसतं?"

मॅनेजरने आठवून सांगितलं. एक, दातांचे डॉक्टर. एकटेच आलेले, कुणाशी फार न बोलणारे. दोन, नाना. घड्याळांच्या दुकानाचे मालक, बसचा जीव. माइक हातात आला की गाणी आणि नकला, लोक हसून हसून लोळत. तीन, रीलवाली आणि तिच्या सासूबाई. रीलवाली हे तिला बसने ठेवलेलं नाव. कारण ती सदानकदा फोन उंचावून काहीतरी टिपत असे. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून सासूसुना दोघीच आल्या होत्या.

"कार्ड काढायला त्या बारीक भोकात टाचणीसारखं काहीतरी घालावं लागतं ना?"

"हो. पिन माझ्याच खिशात असते." मॅनेजरने हिरवा फोन उजेडात तिरका धरला. भोकाच्या कडेला ताजा ओरखडा होता. "पण हे बघा. हे माझ्या पिनेचं काम नाही."

पथकबाईंच्या डोळ्यांसमोर चटकन एक गोष्ट उभी राहिली. सकाळी लिफ्टमध्ये रीलवाली शेजारी उभी होती. तिच्या एका कानातल्याची तार वाकलेली होती.

३

जेवणघरात सगळी मंडळी जमली होती. अक्कांची विचारपूस चालली होती. पथकबाई सरळ रीलवालीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझं कानातलं वाकलंय. कशाने गं?"

मुलीचा हात कानाकडे गेला. तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. पथकबाईंनी असे हजारो चेहरे पाहिले होते.

"पडलं होतं. पाय पडला."

"पर्स उघड."

"का म्हणून?"

"माझी बहीण वर तापाने फणफणलीय म्हणून. काही केलं नसशील तर घाबरतेस कशाला?"

"बाई, हे असं सगळ्यांसमोर नको," मॅनेजर हलकेच म्हणाला. पण सगळे बघत होते, आणि बघणाऱ्यांनाही ते हवं होतं. "दाखव ना, एवढं काय त्यात," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

मुलीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "दाखवून टाक बाई. उगाच शोभा कशाला?"

तिने पर्स उघडली नाही. पथकबाईंनीच ती ओढली आणि टेबलावर उपडी केली. कंगवा, गोळ्यांची पट्टी, आणि कागदी रुमालात गुंडाळलेलं एक छोटंसं सिमकार्ड.

"हे काय?"

"माझं कार्ड आहे. दुसरं."

"फोनमध्ये एक, पर्समध्ये लपवलेलं दुसरं! कशासाठी?"

मुलगी उत्तर द्यायला पथकबाईंकडे वळलीच नाही. सासूबाईंकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, "भावाशी आणि वकिलांशी बोलायला. पहिलं कार्ड तुमच्या मुलाने घेऊन दिलंय, आई. मी कुणाशी बोलते ते त्याला सगळं दिसतं. कानातल्याने मी माझ्याच फोनमधलं कार्ड बदलत होते. परत गेल्यावर मी तुमच्या घरी येणार नाहीये. तुम्हाला शेवटच्या दिवशी सांगणार होते. नीट, एकटीला."

सासूबाई खुर्चीचा हात धरून उठल्या आणि निघून गेल्या. मुलीने कंगवा, गोळ्या, कार्ड एकेक करून पर्समध्ये भरलं. कुणी मदतीला पुढे झालं नाही.

"तरीपण," पथकबाई म्हणाल्या, पण आवाज त्यांचा त्यांनाच पोकळ वाटला, "तरीपण हिरव्या कार्डाचा प्रश्न सुटत नाही."

"सुटला की," मागून कुणीतरी म्हणालं. "दिवसभर फोनवर कोण असतं? दिसतंय सगळं."

४

खोलीत अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. खोकला होता, पण डोळ्यांत जरा तरतरी आली होती. खाली काय झालं ते पथकबाईंनी सांगितलं. सांगताना त्यांनी शक्य तेवढं कमी सांगितलं.

अक्कांनी अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तिचं घर मोडलं त्याची झडती तू कशाला घेतलीस?"

"मला काय ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं म्हणूनच विचारते."

पथकबाईंना बहिणीकडे बघवेना. त्या टेबलावरचा हिरवा फोन उगाच हातात घेऊन बसल्या.

"पायऱ्यांवर बसून काय करणार," अक्का खोकत म्हणाल्या, "या फोनमधले मेसेजच वाचत बसले होते. वाचून वाचून पाठ झाले. म्हणे, पाखरू आपले या देशात स्वागत करते! मेले स्वागत करतात आणि रस्ता कुणी सांगत नाही."

पथकबाईंचा हात जागीच थांबला. "कोण स्वागत करतं म्हणालीस?"

"पाखरू."

पाखरू ही या चारांपैकी कुठलीच कंपनी नव्हती. ते पाचवंच कार्ड होतं, विमानतळावर मिळणारं, पाखराचं चित्र असलेलं.

पथकबाई तशाच मॅनेजरच्या खोलीकडे निघाल्या. "बाकीचे तीन फोन काढा. काल दुपारी बसने हद्द ओलांडली, तेव्हाचे मेसेज मला दाखवा."

लाल फोनवर लाल कंपनीचं स्वागत. निळ्यावर निळ्या कंपनीचं, पुढे 'आपली सेवा येथे उपलब्ध नाही' हेही होतं. पिवळ्यावर पिवळ्याचं. आणि हिरव्यावर पाखरूचं.

मॅनेजरने कपाळाला हात लावला. "मी काल चारही फोनवर मेसेज आलेला पाहिला आणि खूण केली. कुणाचा आलाय ते वाचलंच नाही!"

"म्हणजे काल दुपारी या फोनमध्ये हिरवं कार्ड नव्हतंच," पथकबाई सावकाश म्हणाल्या. "काल नाश्त्याला कुणीतरी हिरवं काढून घेतलं आणि आपलं संपलेलं पाखरू आत बसवलं, म्हणजे फोन रिकामा दिसू नये. दिवसभर वापरलं आणि आज नाश्त्याला पुन्हा अदलाबदल केली. त्या मुलीकडची कार्डं कोणती होती?"

"फोनमधलं मीच चालू करून दिलं होतं, पर्समधलं खाली पाहिलं. पाखरू त्यात नव्हतं."

खाली एका मुलीचं आयुष्य टेबलावर उपडं केलं होतं, आणि ती निर्दोष होती.

५

दातांचे डॉक्टर हॉटेलच्या दर्शनी दालनात पेपर चाळत होते. पथकबाईंनी या वेळी समोरची खुर्ची ओढली आणि बसायची परवानगी मागितली.

"तुम्ही कोणतं कार्ड घेतलंय, डॉक्टर?"

"पाखरू." त्यांनी बिचकून आजूबाजूला पाहिलं. "आता माझी बॅग उपडी करणार का?"

"नाही. तुम्हाला दाखवावंसं वाटलं तरच दाखवा."

त्यांनी फोन पुढे केला. कालच्या दुपारचं पाखरूचं स्वागत त्यांच्या स्वतःच्या फोनवर होतं, आणि डेटाही पुष्कळ शिल्लक होता. त्यांचं कार्ड त्यांच्याच फोनमध्ये होतं तर.

"विमानतळावर त्या दुकानापाशी आणखी कुणी होतं का, आठवतंय?"

"नाना होते ना. त्यांनीच मला सांगितलं, हे घ्या, स्वस्तात मस्त." डॉक्टर थबकले. "पण ते तर सगळ्यांना सांगतात की मी कार्ड घेतलंच नाही."

नाना! पथकबाईंना पटेना. त्या माणसाच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. कालच्या बसमधलं त्यांचं गाणं त्यांना आठवलं. हद्द ओलांडून थोडा वेळ झाला होता. नाना माइकवर रंगात आले होते. मध्येच त्यांनी मांडीवरच्या फोनकडे पाहिलं, गाणं तुटलं, आणि ते म्हणाले, "अरेच्चा, घरी लाईट गेली." मग हसून, "चला, पुढचं कडवं!"

बसमध्ये वायफाय नव्हतं. कार्ड न घेतलेल्या माणसाला चालत्या बसमध्ये इतक्या लांबच्या घरातली लाईट गेल्याचं कळलं कसं?

आणि दुसरी गोष्ट आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आली. घरी संध्याकाळ होते तेव्हा इथे भर दुपार असते. रोज त्याच वेळी नाना बसमध्ये जास्तच मोठ्याने हसत.

६

नाना हॉटेलच्या मागच्या बागेत बाकावर बसले होते. संध्याकाळ उलटली तरी उजेड होता, पण थंडी सुटली होती. त्यांनी पथकबाईंना येताना पाहिलं आणि फोन पालथा घातला.

"नाना, हिरवं कार्ड तुम्ही घेतलंत."

नानांनी नेहमीसारखं हसायचा प्रयत्न केला. ते हसू अर्ध्यातच विरलं.

"बसमध्ये लाईट गेल्याचं बोललात," पथकबाई म्हणाल्या. "काय बघत होतात तुम्ही?"

नानांनी फोन उलटा केला आणि त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर रात्रीच्या दिव्यातली एक खोली होती. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत एक बारीक झालेली बाई, मांडीवरच्या शालीची किनार सारखी चाचपत होती. शेजारी पांढऱ्या कपड्यांतली एक परिचारिका.

"आमची ही," नाना म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना सांगितलं, लेकीकडे गेलीय. लेक नाहीच आम्हाला. हिला आता काही आठवत नाही. मीसुद्धा नाही. दिवेलागण झाली की घाबरते, रडते, मला घरी न्या म्हणते. घरातच असते तरी. पाच वर्षं मी एकट्याने केलं. यंदा वाटलं, पंधरा दिवस, फक्त पंधरा दिवस माणसासारखं जगावं. परिचारिका ठेवली, कॅमेरा लावला आणि निघून आलो."

"म्हणून 'मग माझं काय चुकलं?' असं तर नाही ना विचारणार?" पथकबाई म्हणाल्या.

"नाही." नानांनी मान खाली घातली. "कॅमेरा सतत चालू ठेवला की डेटा पाण्यासारखा जातो. माझं पाखरू दोन दिवसांत संपलं. हॉटेलात वायफाय मिळतं, पण बसमध्ये दिवेलागणीची वेळ यायची आणि मी आंधळा. दुसरं कार्ड मागायला गेलो असतो तर विचारलं असतं, एवढा डेटा कशाला लागतो? काय सांगू? बायकोला असं टाकून मी इथे गाणी म्हणतोय? घड्याळाच्या कामाचा चिमटा खिशात होता. वाटलं, एक दिवस घेऊ, चाचणीचं तर कार्ड आहे, कुणाचं काय जातं? ते अक्कांच्या हातात जाईल असं स्वप्नातही..."

त्यांनी फोन पुन्हा पालथा घातला.

"आणि ती मुलगी?" पथकबाईंनी विचारलं. "मी तिची पर्स उपडी केली तेव्हा तुम्ही तिथेच होतात. दोन हातांवर."

"होतो."

"बोलला नाहीत."

"तोंड उघडणार होतो. उघडलं नाही." नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सगळ्यांसमोर नको, बाई. हात जोडतो. अक्कांचे पाय धरतो, मॅनेजरची मालकांकडे रदबदली करतो. पण बससमोर नको."

कालच्या पथकबाईंनी त्यांना दंडाला धरून आत नेलं असतं. आजच्या पथकबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. लाजेवरून चोर ओळखता येतो, असं त्या जन्मभर मानत आल्या होत्या. इथे तर लाज प्रत्येकाजवळ होती. अक्कांना फोन मागायची, त्या मुलीला घर सोडायची, नानांना घर सोडून आल्याची. आणि बहिणीला मागे टाकून घंटाघर चढलेल्या बाईने ती लाज दुसऱ्यांच्या पर्समध्ये शोधली होती.

"मी तुमचं नाव सांगणार नाही," त्या उठत म्हणाल्या. "पण त्या मुलीवरचा आळ सकाळी काढणार. सगळ्यांसमोर."

७

सकाळी बस सुटायच्या आधी पथकबाईंनी मॅनेजरकडून माइक मागून घेतला. अक्कांना जरा बरं होतं. स्थानिक डॉक्टरने बसून प्रवास करायला हरकत नाही म्हटलं होतं. त्या पुढच्या बाकावर शालीत गुरफटून बसल्या होत्या. रीलवाली शेवटच्या रांगेत एकटी होती. सासूबाई मधल्या रांगेत, खिडकीबाहेर तोंड करून.

"काल मी एका मुलीला चोर म्हटलं," पथकबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "ती चोर नाही. हिरव्या फोनमध्ये परवा वेगळंच कार्ड होतं आणि ते तिचं नव्हतं, याचा पुरावा मॅनेजरांनी पाहिलाय. मी तिची पर्स ओढली. तो अधिकार मला कुणी दिला नव्हता. आणि अक्का चुकली ती आधी माझ्यामुळे. मी तिला चौकात सोडून पुढे गेले होते. त्याचा राग मी या मुलीवर काढला."

बसमध्ये चुळबूळ झाली. "मग घेतलं कुणी?" एकाने विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"वा! म्हणजे आम्ही सगळे संशयित?"

"मला माहीत आहे, तरी सांगणार नाही. एकदा सगळ्यांसमोर माणूस उघडा पाडून झाला माझा. पुरे."

"हे बरंय तुमचं!" दुसरा कुणीतरी चिडून म्हणाला. "काल शोधायची घाई, आज लपवायची. मॅनेजरची नोकरी जाईल त्याचं काय?"

पथकबाई माइक हातात धरून, मान खाली घालून उभ्या राहिल्या. बायकांच्या नजरा, पुरुषांचं पुटपुटणं, सगळं अंगावर घेत. जन्मात पहिल्यांदा त्या झडतीच्या चुकीच्या बाजूला उभ्या होत्या.

तेवढ्यात मधल्या रांगेतून कुणीतरी उठलं.

"मी घेतलं," नाना म्हणाले. माइक नव्हता, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "कार्ड मी काढलं. काल पोरीची पर्स उपडी होत होती तेव्हा मी दोन हातांवर बसून चहा पीत होतो. मालकांना मी कळवलंय, त्यात मॅनेजरची काही चूक नाही." मग त्यांनी बायकोचं सांगितलं. नक्कल नाही, आवाजाचा चढउतार नाही. सांगून झाल्यावर त्यांना खाली बसायचं सुचेना. ते तसेच बाकाची दांडी धरून उभे राहिले.

दातांच्या डॉक्टरांनी आपला पेपर घडी करून बाजूला ठेवला, एवढाच काय तो आवाज.

शेवटी अक्काच खोकून म्हणाल्या, "नाना, इकडे या. बसा. घरी आता दुपार असेल ना? दाखवा बघू मला, कशा आहेत त्या."

मॅनेजरने पिवळ्या फोनचं हॉटस्पॉट चालू करून तो नानांच्या हातात दिला. नाना अक्कांशेजारी जाऊन बसले. पडद्यावर ती बाई जेवत होती. परिचारिका घास भरवत होती, ती तोंड फिरवत होती, पुन्हा घेत होती. अक्का बघत राहिल्या. कॅमेऱ्यातून तिकडे काही दिसत नाही हे ठाऊक असूनही त्यांनी पडद्याला हात हलवून दाखवला.

बस सुरू झाली. पथकबाई माइक जागेवर ठेवून मागे गेल्या, शेवटच्या रांगेपर्यंत.

"चुकले मी," त्या म्हणाल्या.

मुलीने मान वर केली. डोळे सुजलेले होते. "ऐकलं मी. सगळ्यांनीच ऐकलं." थोडं थांबून ती म्हणाली, "पण आईंना मला सांगायचं होतं, बाई. माझ्या तोंडाने. मी कितीतरी दिवस वाक्य जुळवत होते. ते आता मला कुणी परत देणार नाही."

"नाही देऊ शकत," पथकबाई म्हणाल्या. त्या परत फिरल्या.

परतताना वाटेत सासूबाई उठलेल्या दिसल्या. हलत्या बसमध्ये एकेक बाक धरत त्या मागे निघाल्या होत्या. पथकबाईंनी अंग चोरून त्यांना वाट दिली. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटच्या रांगेशी त्या थांबल्या, आणि सुनेला म्हणाल्या, "सरक जरा खिडकीकडे."

मुलगी सरकली. सासूबाई बसल्या. त्यांनी पदर सावरून घेतला. मग सासूबाईंनी विचारलं, "कार्डावर सगळं दिसतं म्हणालीस त्याला. म्हणजे काय काय दिसतं? मला सांग सगळं. पहिल्यापासून."

मुलगी बोलू लागली. पथकबाईंना ते ऐकू येण्याइतकंच अंतर होतं. त्या चटकन पुढे गेल्या आणि बसच्या पार पहिल्या बाकावर, ड्रायव्हरच्या मागे, पाठ फिरवून बसल्या.